बेसमेंटमधल्या ट्यूबखाली वांगी-मिरचीची रोपं कशी जगवावीत?

रानवाट | १६ मार्च

मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात राहते. अंगणात अजून बर्फाचे ढीग आहेत, त्यामुळे जे काही चाललंय ते बेसमेंटमध्ये. भांडी ठेवायचं लोखंडी शेल्फ रिकामं केलं, हार्डवेअरच्या दुकानातून चार फुटी दोन एलईडी शॉप लाईट आणले आणि वरच्या कप्प्याला सुतळीने बांधले. ट्रे खालच्या कप्प्यात. मिरचीचं बी १७ फेब्रुवारीला टाकलं, वांग्याचं २२ फेब्रुवारीला.

उगवण बरी झाली. पण आता रोपांची उंची नऊ-दहा सेंटीमीटर, देठ शिवायच्या दोऱ्याएवढा आणि वर नुसती दोन बीजदलं. खरं पान एकालाही नाही. आज सकाळी तीन रोपं मातीलगत वाकून आडवी पडलेली दिसली.

मी मूळची भुसावळची. आमच्याकडे भरीत म्हणजे पांढरट हिरव्या, लांबोड्या वांग्याचं, काडीकाट्यांवर भाजलेलं. इथे दुकानात काळी-जांभळी जाड सालीची वांगी मिळतात. त्यांचंही भरीत करते, पण ती चव येत नाही. इथेच भारतीय भाज्यांचं बी विकणाऱ्या एकांकडून हिरव्या वांग्याचं पाकीट मिळालं. पंचवीस बिया होत्या, चौदा उगवल्या, आता अकरा उरल्यात. मागच्या वर्षी खिडकीत ठेवलेली छत्तीसच्या छत्तीस रोपं गेली होती, म्हणून या वर्षी दिवे आणले. चूक उजेडाची आहे, पाण्याची की थंडीची? ही अकरा तरी हातची जाऊ नयेत.

---

कुदळफावडं | १६ मार्च

ताई, आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. तुमच्याकडे दोन दुखणी एकदम आलीत.

देठ दोऱ्यासारखे होणं हे उजेड कमी पडल्याचं लक्षण. रोपाला वाटतं आपण कशाच्या तरी सावलीत आहोत, मग ते सगळी ताकद मान लांब करण्यात घालवतं. मातीलगत बारीक होऊन आडवं पडणं म्हणजे रोपं कोलमडणं, हा बुरशीचा प्रताप. पिथियम, रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरशी. जी पडली ती परत उभी राहत नाहीत. आजच्या आज मातीसकट काढून बाहेर टाका, शेजारच्या रोपांना लागायला एक-दोन दिवस पुरतात.

आता सांगा: दिवा रोपांपासून किती वर आहे? माती कुठली? वर झाकण आहे का? पाणी कसं घालता?

(मिशिगनमध्ये एकोणीस वर्षं हेच करतोय. पहिली काही वर्षं मार्चअखेर दर वेळी तुमच्यासारखाच हताश व्हायचो.)

---

टिकली | १६ मार्च

वाचतेय. आमच्याकडेही टोमॅटोची हीच अवस्था आहे.

---

रानवाट | १६ मार्च

आत्ता टेप लावून मोजलं. दिवा मातीपासून ४० सेंटीमीटरवर. माती मागच्या वर्षीच्या कुंड्यांमधली, त्यात थोडं कंपोस्ट. प्लास्टिकचं पारदर्शक झाकण अजून आहे, ओल टिकावी म्हणून. पाणी रोज सकाळी पेल्याने वरून.

---

कुदळफावडं | १६ मार्च

मग कारण सापडलं. एकेक करून सांगतो.

झाकण आत्ता काढा. झाकण फक्त बी उगवेपर्यंत. पहिलं हिरवं टोक दिसलं की त्याचं काम संपलं. त्यानंतर आत जी वाफ कोंडते ती बुरशीच्या कामाची, रोपाच्या नाही.

माती जुनी नको. बागेतल्या मातीत बुरशीही असते आणि छोट्या कप्प्यात ती दगडासारखी दबून बसते. कोकोपीट किंवा पीट, त्यात पर्लाइट आणि व्हर्मिक्युलाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके खनिज कण), असं बी लावायचं तयार मिश्रण घ्या. त्यात खत जवळजवळ नसतं आणि सुरुवातीला लागतही नाही. बीजदलांत पुरेशी शिदोरी असते.

पाणी वरून घालू नका. ट्रेमध्ये बोटाच्या एका पेराएवढं पाणी ओता, कप्पे खालून शोषून घेतील. अर्ध्या तासाने उरलेलं ओतून द्या. नंतर ट्रे उचलून बघत जा. हलका लागला तरच पुन्हा पाणी. रोज पाणी द्यायचा नेम ठेवला की रोपं कुजतात, नेम ट्रे उचलून बघण्याचा ठेवा.

छोटा पंखा लावा. रोपं जेमतेम थरथरतील इतकाच. मातीचा वरचा थर कोरडा राहतो आणि देठही जाड होतो. पंखा नसेल तर दिवसातून एक-दोनदा तळहात शेंड्यांवरून हलका फिरवा. हलवलेलं रोप ठेंगणं आणि दणकट वाढतं, यावर प्रयोग झालेले आहेत.

आणि दिवा खाली आणा. चाळीसवर नाही, अर्ध्या वितीवर. दहा ते पंधरा सेंटीमीटर. सुतळी सोडून साखळी आणि एस आकाराचे हूक लावा, म्हणजे रोप वाढेल तशी एकेक कडी वर घेता येते. साखळी लावायची नसेल तर ट्रेखाली जुनी पुस्तकं रचा, तेही चालतं. पानाच्या उंचीवर हाताची मागची बाजू मिनिटभर धरा. ऊब जाणवली तर थोडं वर घ्या.

---

सावलीतला_अंगठा | १७ मार्च

थोडा वेगळा अनुभव. मी ऑस्टिनला असते. मिरच्या, टोमॅटो, वांगी सगळं दक्षिणेच्या खिडकीत होतं, एकही दिवा न लावता. इतका खटाटोप खरंच लागतो का?

---

कुदळफावडं | १७ मार्च

तुमच्याकडे नाही लागत, कारण तुम्ही ३० अक्षांशावर आहात. रानवाटताई ४५ वर. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे सूर्य खाली असतो, आठवड्यातले कित्येक दिवस ढगाळ जातात, आणि खिडकीतला उजेड एकाच बाजूने येतो. शिवाय रात्री काचेजवळ गारठा. शेजारीण म्हणते माझं खिडकीत छान होतं, तेव्हा आधी विचारावं की शेजारीण राहते कुठे.

---

दीपमाळ | १७ मार्च

उजेडाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. माझं काम विजेच्या उपकरणांशी संबंधित आहे आणि न्यू जर्सीतल्या आमच्या गॅरेजमध्ये तीन शेल्फं दर वर्षी चालतात.

आपला डोळा उजेड मोजायला अगदी कुचकामी आहे. दिवाणखान्यात रात्री १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात आणि आपल्याला खोली उजळलेली वाटते. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास. म्हणजे शेकडो पट फरक, पण बाहुली लहान-मोठी होऊन डोळा तो लपवून टाकतो. रोपाला असा बचाव नाही. त्याच्या दृष्टीने आपला दिवाणखाना म्हणजे काळोखच.

फोनमध्ये लक्स मोजायचं एखादं फुकट ॲप घ्या. फोनचा सेन्सर पुढच्या बाजूला असतो, तो रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर वर तोंड करून धरा. आकडा ढोबळ मिळेल, पण पुरेसा. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ७० ने भागलं की रोपाला उपयोगी प्रकाशकण किती पडतात त्याचा अंदाज येतो, मायक्रोमोलमध्ये (दर चौरस मीटरवर, दर सेकंदाला). रोपांसाठी २०० च्या आसपास उत्तम. म्हणजे १४,००० लक्स.

दिवसभराचा हिशेब असा: २०० मायक्रोमोल, १६ तास, म्हणजे सुमारे साडेअकरा मोल. मिरची-वांग्याच्या बाळरोपांना दहा-बारा मोल मिळाले की ती ठेंगणी, जाड देठाची होतात. तीन-चार मोलांवर नुसती लांबत जातात.

दिवा कमी ताकदीचा असेल तर तास वाढवून थोडी भरपाई होते, पण रात्र पूर्ण काढून टाकू नका. टोमॅटोला चोवीस तास उजेड दिला तर पानं पिवळी पडून खराब होतात. सोळा तास चालू, आठ तास बंद. साधा टायमर लावा.

खरेदीबद्दल दोन शब्द. खोक्यावरचं '१०० वॅटच्या तोडीचा' हे वाचू नका. तो बल्ब प्रत्यक्षात १५ वॅटच्या आतबाहेर खातो. ल्युमेनचा, म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड निघतो त्याचा आकडा बघा. चार फुटी शॉप लाईटला ४,००० ल्युमेन किंवा जास्त हवेत. रंग ४,००० ते ६,५०० केल्विन, काहीही चालेल. गुलाबी-जांभळे दिवेच हवेत असं मुळीच नाही. पांढऱ्या एलईडीच्या आत निळाच एलईडी असतो, वर फॉस्फरचा लेप. निळ्या प्रकाशाने रोप ठेंगणं राहतं आणि तो पांढऱ्यात भरपूर असतो. (याच निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या मिरचीच्या ट्रेवर त्याचा उजेड पडतो, हे मला दर मार्चमध्ये फार सुंदर वाटतं.) शिवाय पांढऱ्या उजेडात पान पिवळं पडतंय का, कीड आहे का हे दिसतं. गुलाबीत काही कळत नाही.

आणि कळकळीची विनंती: पाणी आणि वीज एका शेल्फवर आहेत. जीएफसीआय (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारी सोय) असलेल्या प्लगलाच जोडा. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातून खाली ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. एका पॉवरस्ट्रिपमध्ये दुसरी पॉवरस्ट्रिप कधीही नको.

---

रानवाट | १८ मार्च

दीपमाळ, तुमचं वाचून काल रात्री फोन घेऊन खाली गेले. ४० सेंटीमीटरवर ३,४०० लक्स. ७० ने भागून ४९. दिवे साखळीवर टांगून १२ सेंटीमीटरवर आणले आणि दोन्ही ट्यूब शेजारी-शेजारी घेतल्या, तर १३,२०० झाले. तेच दिवे, तेच बिल. नुसती साखळी बदलली.

दोन्ही टोकांना मात्र ७,००० च्याच आसपास भरतात.

---

दीपमाळ | १८ मार्च

टोकांना कमीच असतो. मिरच्या मध्ये ठेवा, टोकांना पालेभाजी किंवा फुलझाडांची रोपं. दर दोन दिवसांनी ट्रे फिरवा. शेल्फच्या तिन्ही बाजूंना पांढरा पुठ्ठा उभा करा, बाहेर सांडणारा उजेड परत येतो. ॲल्युमिनियम फॉइलपेक्षा साधा पांढरा रंग समान उजेड परतवतो, फॉइलच्या सुरकुत्यांमुळे ठिपके-ठिपके पडतात.

बिलाचं म्हणाल तर ४० वॅटचे दोन दिवे, १६ तास, रोज १.२८ युनिट. पंचाहत्तर दिवसांचे ९६ युनिट. युनिटला १५ सेंट धरले तर साडेचौदा डॉलरच्या आत.

---

सुई_दोरा | १८ मार्च

ही लांबलेली रोपं आता टाकूनच द्यायची का? माझ्याकडे चाळीस टोमॅटो आहेत अशा अवस्थेत.

---

कुदळफावडं | १९ मार्च

टोमॅटो तर अजिबात टाकू नका. टोमॅटोच्या देठाला जिथे माती लागेल तिथे मुळं फुटतात. मोठ्या कपात बदलताना बीजदलांपर्यंत गाडा, नंतर बाहेर लावताना पुन्हा खोल लावा. लांबलेल्या देठाची मुळंच होतात.

मिरची आणि वांग्याचं तसं नाही. गाडलेल्या देठाला टोमॅटोइतकी मुळं फुटत नाहीत. तरी बीजदलांच्या खालपर्यंत मातीचा आधार द्यायला हरकत नाही. बदलताना रोप पानाला धरून उचला, देठाला चिमटीत धरू नका. पान गेलं तर दुसरं येतं. देठ चिरडला की रोप गेलं.

रानवाटताई, अकरा वांगी नव्या मिश्रणात एकेका कपात घ्या. आणि खाली ऊब आहे का? बेसमेंटची फरशी मार्चमध्ये गार असते.

---

रानवाट | १९ मार्च

शेल्फवर थर्मामीटर ठेवला तर १७ अंश. उगवताना हीट मॅट (ट्रेखाली ठेवायची विजेची गरम चटई) नव्हती, मिरचीला उगवायला अठरा दिवस लागले.

---

कुदळफावडं | १९ मार्च

तेच ते. मिरचीच्या बियाला २५ ते ३० अंश मिळाले तर आठवड्या-दीड आठवड्यात वर येते. १५ अंशांवर तीन आठवड्यांच्या वर जातात, आणि ओल्या गार मातीत बी जितकं जास्त पडून राहील तितकी कुजायची भीती. पुढच्या वेळी उगवेपर्यंत हीट मॅट घ्या. नसेल तर ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवून बघा, बऱ्याच घरांत तिथे थोडी ऊब असते. बियाला उगवताना उजेडाची गरज नाही, फक्त रोज डोकावून बघायचं.

उगवल्यावर मात्र १८ ते २१ पुरे. ऊब जास्त आणि उजेड कमी, ही सगळ्यात वाईट जोडी.

---

वाफसा | २१ मार्च

नमस्कार. मी जुन्नर तालुक्यातला, आमची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, वांगी, फ्लॉवर, सगळी रोपं करतो. नारायणगावचा टोमॅटो बाजार जवळच, त्यामुळे हंगामात मागणी जोरात असते. तुमचा धागा बहिणीने पाठवला, वाचून गंमत वाटली. तुम्ही उजेडासाठी झटताय आणि आम्ही रोपांवर ५० टक्क्यांची शेडनेट ताणतो. पण रोपाचं दुखणं दोन्हीकडे एकच आहे, म्हणून लिहितो.

आम्ही ९८ कप्प्यांच्या प्रोट्रेत कोकोपीट भरतो, बी टाकतो, पाणी देतो आणि ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने गुंडाळून ठेवतो. आत ऊब राहते, ओल राहते. टोमॅटोला चार-पाच दिवस, मिरचीला आणखी दोन-चार. तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ उघडून बघायचं. कोंबाची मान दिसायला लागली की लगेच ट्रे सुटे करून शेडखाली मांडायचे. एक दिवस उशीर झाला तर सगळा लॉट लांबतो, आणि असं रोप शेतकरी घेत नाही. ते बरोबरच आहे, लावल्यावर ते वाऱ्यात मोडतं. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात नाजूक दिवस. तुमच्याकडेही तोच दिवस महत्त्वाचा असणार. कोंब दिसला त्याच दिवशी दिवा जवळ आला पाहिजे.

कोलमडीसाठी आम्ही कोकोपीट भरतानाच ट्रायकोडर्मा मिसळतो. ती चांगली बुरशी, वाईट बुरशीला जागा देत नाही. रोपं पडायला लागल्यावर घालून फार उपयोग नाही, आधीच घालावी लागते.

आमचं टोमॅटोचं रोप २१ ते २५ दिवसांत तयार होतं, वांगं महिन्याभरात, मिरची ३५ ते ४० दिवसांत. विकायच्या आधी आठवडाभर पाणी तोडतो आणि नेट बाजूला सारतो, म्हणजे रोप कणखर होतं. तुमच्याकडे दिव्याखालून थेट उन्हात काढणार असाल तर हे फार सांभाळून करा.

---

रानवाट | २१ मार्च

वाफसादादा, 'एक दिवस उशीर झाला तर सगळा लॉट लांबतो' हे वाक्य मी शेल्फवर लिहून चिकटवलंय. माझा उशीर आठ-दहा दिवसांचा होता.

---

गॅलरीतली_तुळस | २ एप्रिल

डोंबिवलीहून. आमच्या गॅलरीसमोर नवी इमारत उभी राहिल्यापासून ऊन जेमतेम तासभर येतं. जूनमध्ये बाहेर बी टाकलं की पावसाच्या माऱ्याने रोपं झोपतात. घरात २० वॅटची एलईडी बॅटन आहे, चार फुटी. ती चालेल का?

---

दीपमाळ | २ एप्रिल

चालेल, पण एकटी पुरणार नाही. २० वॅटची बॅटन साधारण २,००० ल्युमेन देते, म्हणजे इथल्या शॉप लाईटच्या निम्मं. दोन बॅटन शेजारी बसवा, रोपांपासून सात-आठ सेंटीमीटरवर. पसारा लहान ठेवा, एका वेळी एकच ट्रे. आणि डोंबिवलीच्या जूनच्या दमटपणात पंखा हवाच, तिथे कोलमड आमच्यापेक्षा लवकर येईल.

---

रानवाट | १० एप्रिल

खबर देते. अकरापैकी नऊ वांगी जगली. मिरच्या बावीस. प्रत्येकाला तीन-चार खरी पानं, देठ काडेपेटीतल्या काडीएवढे. नवी वाढ पूर्वीपेक्षा इतकी वेगळी आहे की एकाच रोपावर फरक दिसतो: खाली दोरा, वर काडी.

आता नवीन दोन गोष्टी. मातीवर बारीक काळ्या माश्या उडतात. आणि काही मिरच्यांची पानं खालून जांभळट झालीत.

---

कुदळफावडं | १० एप्रिल

माश्या म्हणजे फंगस नॅट. उडणाऱ्या माश्या काही करत नाहीत, त्यांच्या अळ्या ओल्या मातीत राहून कोवळी मुळं कुरतडतात. मातीचा वरचा थर सुकू द्या, पिवळे चिकट कागद लावा. तरीही राहिल्या तर डासांच्या अळ्यांसाठी बीटीआय जिवाणूचे दाणे मिळतात. ते पाण्यात भिजवून ते पाणी द्या.

जांभळेपणा बहुतेक गारठ्यामुळे. मुळं गार असली की स्फुरद (फॉस्फरस) मातीत असूनही उचलता येत नाही. ट्रेखाली थर्माकोलचा तुकडा ठेवा, फरशीचा गारवा तुटतो. आणि तुमच्या मिश्रणात आता काही उरलेलं नाही, तेव्हा द्रवरूप खत पाकिटावरच्या मात्रेच्या पावपट घेऊन आठवड्यातून एकदा सुरू करा. पूर्ण मात्रा देऊ नका, पानांच्या कडा करपतात.

---

टिकली | १२ एप्रिल

कारली, दुधी, दोडका आत्ता लावू का?

---

कुदळफावडं | १२ एप्रिल

अजून नको. वेलांना मुळं हलवलेली आवडत नाहीत आणि घरात ते महिन्याभरात एकमेकांच्या गळ्यात पडतात. बाहेर लावायच्या तीन-चार आठवडे आधी, एका कुंडीत एक. कारल्याचं बी जाड सालीचं, टोकाला नेलकटरने जरासं खरवडून रात्रभर भिजवा. मेथी-कोथिंबीर घरात लावूच नका, थेट वाफ्यात.

---

सुई_दोरा | १३ एप्रिल

आई मे महिन्यात येतेय. तिने गावचं चवळी आणि घेवड्याचं बी आणलं तर चालेल ना?

---

दीपमाळ | १३ एप्रिल

तसंच पिशवीत घालून आणू नये. लावायच्या बियाण्यासोबत तिकडचं फायटोसॅनिटरी, म्हणजे बी रोग-किडीपासून मुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. थोड्या बियांसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा वेगळा परवानाही असतो, तो आधी काढावा लागतो. न सांगता आणलं तर विमानतळावर जप्त होतं आणि दंड होऊ शकतो. नियम त्रासदायक वाटतो, पण बियांबरोबर रोग येतात हे खरं आहे. कढीलिंबाचं उदाहरण घ्या. लिंबूवर्गाचा ग्रीनिंग रोग पसरवणारा किडा त्याच्यावर जगतो, म्हणून रोगाच्या भागातून त्याची रोपं हलवायला इथे बंदी आहे.

---

सोनकी | ४ मे

आता बाहेर काढायची वेळ येतेय म्हणून माझा मागच्या वर्षीचा अनुभव सांगते. मी मिसिसागाला, टोरोंटोच्या शेजारी. इथे मेच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीला रोपं लावायची पद्धत. मागच्या मे महिन्यात एक दिवस २२ अंश, लख्ख ऊन. मी आनंदाने तीस मिरच्या सकाळी डेकवर मांडल्या आणि कामाला गेले. संध्याकाळी पानं कागदासारखी पांढरी. काही मधोमध वाळलेली, काही वाऱ्याने देठात मुरगळलेली. एकोणीस रोपं गेली. दहा आठवडे सांभाळलेली रोपं एका दिवसात. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

नंतर कारण कळलं. दिव्याखाली त्यांना २०० मायक्रोमोल मिळत होते, बाहेर एकदम २,०००. शिवाय आपल्या एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतातच, त्यामुळे पानाला त्यांच्यापासून बचाव करायची कधी गरजच पडलेली नसते. पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो. त्यात वारा.

या वर्षी दहा दिवस घेतेय. पहिले दोन दिवस तासभर, घराच्या उत्तरेच्या सावलीत. मग दोन-तीन तास, सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास. मग रोज ऊन थोडं वाढवायचं. दुपारचं ऊन शेवटच्या दोन दिवसांतच. ढगाळ दिवस मिळाला तर सुरुवात त्याच दिवशी. वारा जोराचा असेल तर तो दिवस सोडून द्यायचा, मोजणी तिथेच थांबवायची. बाहेर कुंड्या फार पटकन सुकतात, दोनदा बघावं लागतं.

---

रानवाट | ५ मे

सोनकी, हे तुम्ही लिहिलं नसतं तर येत्या शनिवारी मी हेच केलं असतं. हवामान २३ अंश दाखवतंय.

---

कुदळफावडं | ५ मे

मिनेसोटात मदर्स डेला (मेचा दुसरा रविवार) लोक लावायला सुरुवात करतात, पण ते कोबी-पालकासाठी. वांगी-मिरची मेमोरियल डेपर्यंत (मेचा शेवटचा सोमवार) थांबवा. दिवसाचं तापमान बघू नका, रात्रीचं बघा. रात्री सलग १२-१३ अंशांच्या वर राहिल्या पाहिजेत. गारठलेलं वांगं मरत नाही, पण तीन आठवडे रुसून बसतं, आणि तुमच्या छोट्या उन्हाळ्यात तीन आठवडे कुठून आणायचे? उशिरा लावलेलं रोप पुढे निघून जातं.

---

रानवाट | २१ मे

आज सातवा दिवस. सकाळी साडेसातला बाहेर, अकराला सावलीत. परवा रात्रीसाठी ३ अंशांचा अंदाज आला, सगळे ट्रे आत घेतले. जिन्याच्या नऊ पायऱ्या, पाच खेपा. सासूबाई आल्या आहेत, त्यांनी दार धरलं.

दोन मिरच्यांच्या पानांवर पांढरे डाग आले होते, पण नवीन पानं हिरवीगार आहेत. बाहेर आलेली पानं आतल्यापेक्षा जाड आणि गडद दिसतात, बोटाला फरक कळतो.

---

वाफसा | २२ मे

तेच बघायचं. पान बोटाला कडक लागलं आणि देठ खालून जरा तपकिरी झाला की रोप तयार. संध्याकाळी लावा, ऊन उतरल्यावर. लावायच्या आधी कुंडी चांगली भिजवून घ्या, आणि लावल्यावर मुळाशी पाणी द्या, माती दाबून. पहिले चार दिवस दुपारी पुठ्ठ्याची सावली केली तर उत्तम.

---

रानवाट | ३ जून

लावली. ३० मे ला संध्याकाळी सातला. नऊ वांगी, बावीस मिरच्या. पहिल्या दिवशी दुपारी सगळ्यांनी माना टाकल्या होत्या, मी पुठ्ठे उभे केले, संध्याकाळी परत उभी राहिली. आज चौथा दिवस, एकही मेलेलं नाही. सासूबाई रोज सकाळी चहा घेऊन वाफ्यापाशी जातात आणि प्रत्येक वांग्याच्या पानाची खालची बाजू उलटून बघतात. त्यांना मावा आधी दिसतो, मला नंतर.

बेसमेंटचं शेल्फ अजून मोडलेलं नाही. त्यावर कारल्याच्या सहा कुंड्या आहेत, दोन पानांवर आलेल्या, दिवा अर्ध्या वितीवर. वाफ्यात जागा फक्त दोन वेलांपुरती. ट्विन सिटीजमध्ये (मिनियापोलिस-सेंट पॉल) कोणाला हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. उद्यापासून त्यांनाही सावलीत काढणार आहे, म्हणजे पुढच्या आठवड्यात नेताना थेट लावता येतील. कुंडी परत आणली नाही तरी चालेल.